वेळूच्या वाडीची करवंदं

आम्ही वेळूची वाडी सोडली ती ऐन वैशाखात. पावसाळ्यात धरणाचं पाणी गावावर चढणार होतं, म्हणून आम्हाला न्यायला सरकारी ट्रक आला होता. भांडी, कोंबड्यांची खुराडी, उचकटून काढलेली दाराची चौकट, सगळं वर चढलं. आई मात्र दिसेना. अप्पा हाका मारून दमले. ती गावामागच्या टेकावर करवंदं तोडत होती आणि पाटी भरल्यावरच खाली उतरली.

"बाई, सगळी तुझ्यासाठी थांबलीत," ट्रकबरोबर आलेला साहेब म्हणाला.

"एवढी वर्सं धरान बांधत हुता न्हवं? घटकाभर थांबा की."

वाडीकरांनो, तुमच्यातले काही इचलकरंजीला मागावर गेलात, काही राधानगरीतच राहिलात. आम्हाला कोडोलीच्या अलीकडं माळावर जागा मिळाली. जमीन बरी होती, पण डोंगर नव्हता, करवंदाची जाळी नव्हती. तिथली माणसं आम्हाला 'रानातली' म्हणायची. आईनं पाटीतली पिकली करवंदं वाटून टाकली आणि कच्च्यांचं लोणचं घातलं. चिकानं काळी पडलेली तिची बोटं आठ दिवस तशीच होती.

पुढच्या वर्षी चैत्रात मला बघायला पाहुणे यायचे होते. सोयरीक आणणारे शेजारचे तात्या आईला आधीच सांगून गेले, "लोणचं आंब्याचंच वाढा, वैनी. रानातलं काय दावू नका."

आईनं ताटात पहिलं करवंदाचंच वाढलं. मुलाच्या आईनं ते बोटानं कडेला सारलं. "आमच्यात हे गुरं राखणारी खात्यात."

"आमच्यात आमी खातो," आई म्हणाली. "पोरगीबी खाती."

सोयरीक मोडली. अप्पा दोन दिवस आईशी बोलले नाहीत. मी तर महिनाभर बोलले नाही. मुलगा मला आवडला होता, हे आज पहिल्यांदाच लिहितेय.

वैशाख लागला तशी आई टेकावर जायला निघाली. मी रागातच बरोबर गेले. राधानगरीपर्यंत मोटारीनं आणि पुढं पायी. गाव पाण्याखाली होतं. टेकाचा माथा तेवढा वर राहिला होता आणि जाळी काळ्या फळांनी लगडली होती. आम्ही तोडायला लागलो तोच फॉरेस्टचा गार्ड आला.

"इथं तोडायला बंदी हाय. कुठल्या गावच्या तुमी?"

मी आईकडं बघितलं. जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेली माझी आई पाण्याकडं बघत गप्प उभी होती. तिला तसं बघून माझा महिन्याचा राग कुठं गेला कळलं नाही.

मी म्हणाले, "ह्याच गावच्या. पानी जरा बाजूला करा, घर दावते."

गार्ड थोडं लांब जाऊन, आमच्याकडं पाठ करून, बिडी ओढत बसला. आम्ही दोन पाट्या भरल्या. परतताना आईनं ओंजळभर करवंदं त्याच्या शेजारी दगडावर ठेवली.

पुढं माझं लग्न कोल्हापुरात झालं. नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा. त्याला करवंदाचं लोणचं कधीच आवडलं नाही, पण मी घालायचं थांबवावं असंही तो कधी म्हणाला नाही. सासूबाई मात्र दर वैशाखात तोंड वाकडं करायच्या. आई गेल्यानंतरच्या वर्षी मी टेकावर जायला पिशवी घेऊन निघाले तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "कुठं?"

"म्हायेरी."

"तिथं आता हाय कोन?"

चपला घालता घालता मी म्हणाले, "मी गेले की मी असते."

आणि मोटार चुकायच्या आत बाहेर पडले.