राज्याभिषेकाच्या पुढचा इतिहास

भारताचा इतिहास तोंडपाठ असलेले विद्वान पुण्यात पेठेगणिक सापडतील. पण तो इतिहास सदऱ्याच्या खिशात घालून हिंडणारा माणूस पुण्यापासून चाकणपर्यंतच्या टापूत एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आईबाप निवडता येत नाहीत म्हणतात, पण साडूही निवडता येत नाही. आपण एका मुलीला पसंत करतो आणि तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा न बघता पदरात पडतो. माझ्या पदरात पडलेले हे गृहस्थ चिंचवडच्या एका कारखान्यात गेजरूममध्ये होते. तयार झालेला भाग मापात आहे की नाही हे ज्या मापांनी ठरवतात, त्या मापांची राखण करायची ती खोली. मूळ गाव चाकणच्या पलीकडं. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा नदीपल्याड, आणि पावसाळ्याचे चार महिने नदी चालून ओलांडायचा उतार बंद. त्यामुळे चौथीच्या वर्गात गुरुजींनी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला, पेढे वाटले आणि आमच्या साडूंचं शिक्षण तिथंच संपलं. "राज्याभिषेक झाला तिथवर माझा पाया पक्का हाय," ते सांगत. "फुडचा समदा इतिहास मी नोटांवर वाचला."

ही अतिशयोक्ती नव्हती. कारखान्यात पगार रोख पाकिटात मिळायचा. बाकीचे लोक पाकीट फोडून मोजायचे, साडू वाचायचे. एकेक नोट उजेडाकडं धरून पुढून, मागून, मग पुन्हा पुढून. त्या काळी दोनच्या नोटेवर वाघ होता, पाचच्या नोटेवर हरणं, दहाच्या नोटेवर शिडाचं जहाज आणि शंभराच्या नोटेवर धरण. साडूंच्या लेखी रुपये नावाची वस्तूच नव्हती. एका जहाजात दोन हरणं बसत, एका हरणात दोन वाघ आणि वर एक सुटा रुपया. स्टेशनजवळच्या किराणा दुकानातले चाचा सुरुवातीला चक्रावले. पण धंद्याचा माणूस, गिऱ्हाइकाची भाषा शिकला. "साहब, जहाज फोडू का? वाघ नाहीत आज, हरीण चालेल?" असं ते स्वतःच विचारू लागले. एकदा तर दुकानात उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईनं, साडू "माझ्याकडं सकाळपास्नं दोन वाघ हायेत, तेवढे घ्या आन् मोकळं करा," असं म्हणाल्यावर, पिशवी तिथंच टाकून रस्ता गाठला होता. पिशवी घेऊन साडू तिच्यामागं गेले, तेव्हा ती अधिकच जोरात पळाली.

मग गांधीजींची जन्मशताब्दी आली आणि सरकारनं स्मरणार्थ नव्या नोटा काढल्या. मागच्या बाजूला बसलेले गांधीजी आणि त्यांच्यामागं सेवाग्रामची कुटी. ती पहिली नोट पगाराच्या पाकिटातून निघाली त्या दिवशी साडू जेवले नाहीत. कोणी गेलं की काय, असं वाटून माझी मेहुणी (आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो) घाबरली. "गेलं न्हाई कुनी, आलं हाय," साडू म्हणाले आणि नोट देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवली. तेव्हापासून ह्या नोटेची उभी घडी घातलेली त्यांना खपेना. एकदा पुण्याच्या बसमध्ये कंडक्टरनं सवयीप्रमाणे नोटा लांबट दुमडून बोटांच्या बेचक्यात धरल्या होत्या. साडू जागेवरून उठलेच.

"अवो, महात्माजींना असं दुमडता व्हय? कमरेत मोडले की ते!"

कंडक्टर पुणेरी होता. "काका, ते तुरुंगात वर्षानुवर्षं राहून आलेत. माझ्या बोटांत दोन स्टॉप राहतील. तुम्ही तिकीट घ्या."

साडू चिडतील असं मला वाटलं. ते खूश होऊन खाली बसले आणि माझ्या कानात म्हणाले, "ह्यो मॅट्रिक असनार. इतिहास पक्का हाय गड्याचा."

एक, दोन, पाच, दहा अशा स्मारक नोटा त्यांनी कोऱ्या मिळवल्या आणि बाजूला ठेवल्या. शंभराची मात्र जमली नाही. ती एका दिवाळीत बोनसबरोबर आली होती. शंभराचे गांधीजी त्यांच्या घरी तीन दिवस मुक्कामाला होते. साडूंनी शेजारच्या चार बिऱ्हाडांना बोलावून दर्शन घडवलं, चहा पाजला. चौथ्या दिवशी अक्कानं पोरांचे कपडे, दोन मण ज्वारी आणि एक पितळी पातेलं घरी आणलं. साडू एवढंच म्हणाले, "थोर मानसं एका जागी ऱ्हात न्हाईत." पण पुढं कित्येक दिवस ते त्या पातेल्यातलं काही खात नसत.

गेजरूमची शिस्त त्यांच्या अंगात भिनली होती. तिथली मापं म्हणजे आरशासारख्या गुळगुळीत पोलादी पट्ट्या. बोटाचा घाम लागला तरी गंज चढायचा. म्हणून काम संपलं की प्रत्येक माप पुसायचं, त्याला तेलाचा हात द्यायचा आणि मेणकागदात गुंडाळून पेटीत ठेवायचं. साडूंनी हाच नियम संसाराला लावला. घरातल्या किल्ल्या, कात्री, छत्रीच्या काड्या, थोरल्या मुलीची कंपासपेटी, सगळं तेलात. "तेल लावलेल्या वस्तूला मरन न्हाई," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यांच्याकडून उसनी आणलेली छत्री उघडली की पावसाआधी आपणच भिजायचो. ह्या वेडावर माझी बायको हसायची, मी हसायचो, अक्का तर कपाळ बडवून हसायची; ते मात्र शांतपणे चिंधी आणि तेलाची बुधली घेऊन बसलेले असत.

अठ्ठ्याहत्तर साली सरकारनं हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. आमच्या वस्तीत ह्या बातमीनं कुणाच्या डोळ्यांत टिपूस यायचं कारण नव्हतं, कारण त्या नोटा कुणी पाहिल्याच नव्हत्या. साडूंनीही नव्हत्या पाहिल्या, आणि दुःख नेमकं त्याचंच होतं. हजाराच्या नोटेवर तंजावरचं देऊळ होतं, पाच हजाराच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया होता, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "म्हंजी आता ते देऊळ मला कधीच दिसनार न्हाई," असं म्हणून ते दोन दिवस सुतक असल्यासारखे वावरले. देशात त्या आठवड्यात पुष्कळ लोक रडले असतील, पण निव्वळ चित्रासाठी रडलेला हा एकच. ही हकीगत वस्तीभर झाली, आणि होत होत वस्तीतल्या शाळेच्या मोठ्या बाईंच्या कानावर गेली. बाई हसल्या नाहीत. गांधीजयंतीच्या आदल्या दिवशी सातवीच्या वर्गाला नोटा दाखवा आणि चार शब्द सांगा, असा त्यांनी साडूंना निरोप पाठवला.

निरोप आला त्या संध्याकाळी साडू सायकल दामटत आमच्या घरी आले. चेहरा पांढराफटक.

"सातवीचा वर्ग हाय, राव. मी चौथी. पोरांनी वळखलं तर?"

"काय ओळखणार? तुम्ही पाहुणे म्हणून जाताय."

"पोरं लई हुशार असत्यात. एक प्रश्न इचारला की माझी पाटी कोरी. तुमी माझ्यासंगट चला. दाराशी उभं ऱ्हावा. चुकलो तर खूण करा."

मी कारखान्याच्या स्टोअरमधला कारकून. पण मॅट्रिक पास. साडूंच्या नजरेत मी म्हणजे जवळजवळ विद्यापीठच. मी कबूल झालो. पुढचे आठ दिवस त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांपुढं उभं राहून भाषण पाठ केलं. शाळेत पाऊल ठेवायला नको म्हणणारा आणि शाळेत जायला मिळणार म्हणून रात्री झोप न येणारा, अशी दोन माणसं त्या आठ दिवसांत त्यांच्यात भांडत होती. अक्का हसायची थांबली होती. तिनं त्यांचा पांढरा सदरा दोनदा धुतला, दोनदा इस्त्री केला.

ठरल्या दिवशी आम्ही वर्गात शिरलो. बाईंना पाहून साठ पोरं उभी राहिली आणि "एक साथ नमस्ते, बाई!" म्हणाली. साडूंनी पोरांच्याच सुरात हात जोडून तेच म्हटलं. दोन-चार पोरं खुसखुसली. बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या, मी दाराशी. साडूंनी टेबलावर मेणकागदाची पुडी ठेवली, घसा साफ केला आणि सांगितलं की ह्या नोटा नऊ वर्षं जपल्या आहेत, ह्या पावसाळ्यात तर दमट हवा लागू नये म्हणून पक्का बंदोबस्त केला आहे. मग त्यांनी पुडी उघडली.

बंदोबस्त गेजरूमचा होता. चारी नोटांना त्यांनी जून महिन्यात तेलाचा हात दिला होता. चार महिन्यांत तेल मुरलं होतं. नोटा एकमेकींना चिकटून पापुद्र्यासारख्या पारदर्शक झाल्या होत्या. पुढचा अशोकस्तंभ मागं आला होता, मागचे गांधीजी पुढं गेले होते, आणि दहाचा आकडा नेमका त्यांच्या तोंडावर बसला होता. साडूंनी त्या सोडवायचा प्रयत्न केला, तेव्हा दोनची नोट मधोमध फाटली.

साडू हातातल्या तुकड्यांकडं बघत राहिले. आता हा माणूस पळणार, असं मला वाटलं, आणि पळाला असता तर मी त्याच्याआधी सायकल काढली असती. पण त्यांनी ते तुकडे मेणकागदावर ठेवले, सदऱ्याला हात पुसले (दोनदा इस्त्री केलेल्या सदऱ्याला!), खडू उचलला आणि फळ्याकडं वळले. कारखान्यात नकाशा काढतात तशी त्यांनी ती कुटी काढायला घेतली. समोरून, बाजूनं आणि वरून. छपराचा उतार, कुडाची भिंत, सगळं त्यांना पाठ होतं. रेघ अशी सरळ की पोरं बाकांवरून पुढं सरकली.

"आणि गांधीजी वरून कसे दिसतील?" पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं.

साडूंनी विचार केला. मग एक गोल काढला आणि त्याच्या पुढं दोन गुडघे. "असे. वरनं बघितलं तर कुनीबी थोर मानूस एवढाच दिसतो. म्हनून म्होरं बसून बघायचं असतं."

पोरं खदखदा हसली. साडूही हसले. मग प्रश्नांची झोड उठली. कुटीच्या मागं काय होतं? गांधीजी तिथं कधी आले? त्याआधी कुठं राहायचे? साडूंनी दाराकडं, माझ्याकडं पाहिलं. खरं सांगायचं तर मलाही नीट आठवत नव्हतं. मी नुसतीच मान हलवली. त्यांनी खडू खाली ठेवला.

"हे बघा, नोटेवर जेवढं हाय तेवढंच मला ठाऊक. माझी शाळा चौथीला सुटली. महाराजांचा राज्याभिषेक झाला तिथवर मी शिकलो. फुडचं तुमी शिकलाय. तुमीच सांगा मला."

ज्याची आठ दिवस भीती घेतली होती ते त्यांनी स्वतःच्याच तोंडानं सांगून टाकलं. मग एका पोरानं हात वर केला आणि मिठाच्या सत्याग्रहाची गोष्ट सांगितली. दुसऱ्यानं त्यातली चूक काढली. तिसरी मुलगी उठून साबरमतीबद्दल बोलली. साडू टेबलाच्या कडेला टेकून ऐकत होते, मधेच "मग? फुडं?" करत होते. घंटा होईपर्यंत सातवीच्या वर्गानं त्यांना स्वातंत्र्यापर्यंत आणून सोडलं.

घंटा झाली. साडूंनी फळा स्वच्छ पुसला, पुडी खिशात घातली आणि निघाले. तोच मागं बाकं वाजली आणि साठ आवाज एकदम म्हणाले, "एक साथ नमस्ते, गुरुजी!"

साडूंनी चटकन दाराकडं पाहिलं, कोण गुरुजी आले म्हणून. दारात मी एकटाच होतो. त्यांनी भुवया उंचावून मला विचारलं. मी बोटानं त्यांच्याकडेच खूण केली.

ते सावकाश मागं वळले. पोरं उभीच होती. बाई मागच्या बाकाजवळून हळूच म्हणाल्या, "तुम्ही 'बसा' म्हटल्याशिवाय ती बसायची नाहीत."

तेलाच्या डागाचा सदरा, खडूनं पांढरी झालेली बोटं, डोळ्यांत पाणी. मग ते म्हणाले, "बसतील की, बाई. घटकाभर राहू द्या उभी."

पोरं हसू दाबत उभी राहिली. मी तोंड फिरवून मैदानाकडं बघू लागलो. पाचवीचा वर्ग ह्या माणसाला मिळायला चाळीस वर्षं उशीर झाला होता. तो एवढ्यात सुटू नये, असं मलाही फार वाटत होतं.