डब्यातला माल

सुके बोंबील तव्यावर पडले की मला आमच्या गोदामातली ती एसी केबिन आठवते. शेलार गावाजवळच्या त्या गोदामात मी पॅकिंगला नवीनच लागले होते. माझा डबा उघडला की कॅन्टीनमधल्या बाया नाकं मुरडायच्या, म्हणून मी मोबाइलच्या रॅकमागे जाऊन एकटीच जेवायचे. एक दिवस सिक्युरिटीच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या नावापुढे लाल खूण होती. "रोज महागड्या मालाजवळ जाता, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसता. सिस्टीमला संशय आलाय. काय लपवता तिथे?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी डबा आणला आणि त्यांच्या टेबलावर उघडला. "हाच माल हाय साहेब. घ्या, तपासा." बंद केबिनमध्ये बोंबलाचा वास असा भरला की साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "ठीक आहे, जा तुम्ही." "न्हाय. आधी ती लाल खूण काढा," म्हणत मी झाकण न लावताच समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी घाईघाईने ती काढली. आता मी कॅन्टीनमध्येच जेवते, बरोबर कॅमेऱ्यासमोर. ज्याला वास सोसत नाही, त्याने रॅकमागे जावं.