मुलगी कधी जेवली?

आमच्या छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या गृहस्थाला आम्ही भिंग म्हणतो, त्याच्या तोंडावरसुद्धा. मी पुस्तकं शिवते, त्याच्या समोरच बसते, त्यामुळे त्याची कटकट सगळ्यात जास्त माझ्या वाट्याला. त्याचा घटस्फोट झालाय. आठ वर्षांची लेक शनिवारी तेवढी त्याच्याकडे असते आणि हा तिला छापखान्यात घेऊन येतो. तिची आई परवाच म्हणाली होती, झेपत नसेल तर शनिवारही राहू दे. त्या बोलण्याचा त्याने धसकाच घेतला होता.

अशात त्याच्याकडे एक कादंबरी आली. आईबाप वेगळे झालेले, मुलगी आज इकडे, उद्या तिकडे. सगळी गोष्ट तिच्या उंचीवरून सांगितलेली: मोठ्यांचे बूट, गुडघे, दाराआडून अर्धंच ऐकू येणारं भांडण. आईबापांना नावंसुद्धा नाहीत. ते सगळं भिंगाला चाललं. पण पान चाळीसच्या समासात त्याने लाल शाईत लिहिलं, 'मुलगी कधी जेवली?' पान नव्वदवर, 'तीन दिवस झाले, बाई!' आणि शेवटी, 'असा बाप असू शकत नाही.'

शनिवारी लेखिकाबाई स्वतःच आल्या. आता जुंपणार म्हणून मी सुई-दोरा बाजूला ठेवला. बाईंनी शांतपणे समजावलं की जेवण मुद्दामच गाळलंय. त्या घरात ते कुणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून पुस्तकातही येत नाही. भिंग कसला ऐकतोय! निदान दूध-बिस्किटं तरी घाला म्हणून तो तासभर हुज्जत घालत बसला.

बाईंचं लक्ष खिडकीखाली गेलं. तिथे कागदाच्या गठ्ठ्यावर त्याची लेक बसली होती.

"तू जेवलीस का गं?"

तिने मान हलवली. नाही. घड्याळात साडेतीन वाजले होते. मी तिच्यासमोरच डबा खाऊन हात धुतले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"सांगायचं नाही का, बाळा?" भिंग तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तू त्या मुलीच्या काळजीत होतास ना, बाबा."

तो तिला घेऊन तडक जेवायला गेला. संध्याकाळी तिला पोचवताना तिच्या आईला हे त्याने स्वतःच सांगितलं. शनिवार राहिला, पण एका अटीवर: एक वाजता आईला जेवणाचा फोन करायचा.

सोमवारी ती प्रुफं माझ्या टेबलावरून गेली. जेवणाच्या शंका सगळ्या खोडलेल्या होत्या. शेवटच्या पानावर 'असू शकत नाही'वर काट मारून त्याने नीट अक्षरात लिहिलं होतं, 'असतो.'