तिसऱ्या पुलावरची हाक

३० जानेवारी २०२३ रोजी को चिन-शुईने तैवानमधल्या च्यायी शहराच्या मैदानावरच्या तिकीटखिडकीत बारा हजार सहाशे तैवानी डॉलर मोजून दिले आणि सारस बेसबॉल संघाचा हंगामाचा पास घेतला. तिसऱ्या बेसची बाजू, रांग नऊ, खुर्ची चौदा. सत्तावीस वर्षे हीच खुर्ची.

त्याला सगळे आ-शुई म्हणत. वय अडुसष्ट. ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर छत्तीस वर्षे नोकरी झालेली. गाडीतल्या उसाकडे नुसते बघून तो टनांचा आकडा सांगे, आणि काटा त्याचीच री ओढे. संघाचेही तो असेच वजन करी. यंदा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, चार होते, त्यातला एक परदेशी, उंच आणि तापट. चेंडू अडवणारा जुना खेळाडू म्हातारा झाला होता, पण डोके शाबूत होते. आणि फलंदाजीत फांग शेंग-हाय, चाहत्यांचा आ-हाय. शेंग-हाय म्हणजे अर्धा संघ.

काळजी त्याचीच होती. हिवाळी स्पर्धेत तो एक्केचाळीस वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि तीनदाच बेसवर पोचला. प्रशिक्षकाचे एक वाक्य वर्तमानपत्रात आले होते : ‘दुखापत काहीच नाही. पण हाक मारली तर वळून बघत नाही.’

पास खिशात घालून आ-शुई बसने थेट जुन्या वसाहतीतल्या भूमिदेवाच्या देवळात गेला. दर वर्षी हंगामाआधी तो इथे कौल लावी. आपले नाव, जन्मतिथी, पत्ता सांगायचा आणि यंदा सारस किती सामने जिंकतील ते पन्नासपासून एकेक आकडा चढवत विचारायचे. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर हो. दोन्ही पालथे तर नाही. दोन्ही उताणे पडले तर देव नुसता हसला, उत्तर दिले नाही. लागोपाठ तीनदा ‘हो’ आले की कौल पक्का.

पन्नासला देव हसला. एक्कावन्नला हसला. साठपर्यंत ओळीने अकरा वेळा हसला.

देवळाची देखभाल करणारे खुन-पे खांबाला टेकून शेंगा सोलत बसले होते. वयाने मोठे, म्हणून सगळी वसाहत त्यांना ‘पे’, म्हणजे मोठे काका म्हणे.

“काय रे आ-शुई, देवाला असा काय विनोद सांगतोयस?”

“तुमचे ठोकळे झिजलेत, खुन-पे.”

“ठोकळे नाही, प्रश्न झिजलाय तुझा. इतकी वर्षं तेच तेच. कधी घरचं विचारलंस? घरातली माणसं धड आहेत का, ते विचार आधी.”

आ-शुईने नाइलाजाने विचारले, “घरात कुणी कमी आहे का?”

हो. हो. हो.

खुन-पेंच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते हळू आवाजात म्हणाले, “आता उलटं विचार. कुणी जास्तीचं आहे का?”

हो. हो. हो.

त्यावर खुन-पेंनी काही थट्टा केली नाही. “घरी जा,” एवढेच म्हणाले. “जा आणि मोज.”

मोजायचे काय? शहरातल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात तो आणि मुलगी पेइ-यिंग, दोघेच राहत. शिवाय देव्हाऱ्यात बायकोच्या नावाची लाकडी पाटी. युए-थाव जाऊन पावणेदोन वर्षे झाली होती. जुन्या घराचे छप्पर गळू लागले, तेव्हा ऑक्टोबरात बाप मुलीकडे राहायला आला आणि पाटीही सोबत आणली.

पेइ-यिंग माशाचे सूप ढवळत होती. बापाने देवळातली हकिगत सांगितली तेव्हा तिने गॅस बंद केला.

“पा, मी बोलणार नव्हते. आई या घरात आलीच नाहीये.”

“काहीतरीच काय!”

“तिच्यापुढे ठेवलेल्या भाताला मातीचा वास येतो. लाल मातीचा. मैदानावरून आलास की तुझ्या बुटांना यायचा ना, तसा. आणि पहाटे देव्हाऱ्यातून आवाज येतो. ठक ठक. मग जरा थांबून आणखी एक ठक.”

आ-शुईला तो ताल ओळखू आला. बॅट घेऊन उभे राहण्याआधी शेंग-हाय बेसवर दोनदा ठोकतो, श्वास घेतो आणि आणखी एकदा ठोकतो. हे सारसच्या प्रत्येक चाहत्याला ठाऊक होते. पेइ-यिंगला नव्हते. तिने आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता.

“तिसऱ्या पुलावर तू काय ओरडलास, आठवतंय?” तिने विचारले.

त्याला आठवत होते. गेलेल्या माणसाला नवीन वाट कळत नाही. म्हणून पाटी नेताना प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक पुलावर नाव घेऊन हाक मारावी लागते, नाहीतर माणूस मागे राहतो. लेक गाडी चालवत होती. तो मागे बसला होता, मांडीवर पाटी, पाटीवर काळी छत्री. पहिल्या पुलावर तो म्हणाला, “युए-थाव, पूल आला, चल.” दुसऱ्या पुलावरही म्हणाला. पण एका कानात रेडिओचा इयरफोन होता. मागच्या हंगामाचा शेवटचा सामना, शेवटचा डाव, एक धाव हवी. गाडी तिसऱ्या पुलावर चढली तेव्हा दुसऱ्या बेसवरून शेंग-हाय सुटला होता.

“आ-हाय, ये! ये! घरी ये!” आ-शुई जिवाच्या आकांताने ओरडला होता.

घरच्या बेसला, जिथे धाव पुरी होते तिथे, हात लागायच्या आतच शेंग-हाय बाद झाला. सामना गेला. तेवढ्यात पूलही मागे पडला होता.

“चाळीस वर्षं तिला चारचौघांत हाक मारायची तुला लाज वाटायची,” पेइ-यिंग म्हणाली. “आणि जिथं मारायची, तिथं परक्या पोराला मारलीस. गळा फाडून.”

 सूप निवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे पुलावर गेले. नदीत पाणी नव्हते, नुसते पांढरे गोटे. ठोकळ्यांच्या जागी आ-शुईने दोन नाणी घेतली. एक छापा, एक काटा म्हणजे हो.

“युए-थाव, इथं आहेस का?” नाही.

“जुन्या घरी?” नाही.

“आमच्याकडे?” नाही.

ट्रक जात होते, पूल हादरत होता. पेइ-यिंग कठड्याला धरून उभी होती. एकाएकी ती म्हणाली, “पा, तुझी हाक आली नाही की आई काय समजायची?”

जेवायच्या वेळी नवरा दिसला नाही, हाकेला ओ आली नाही, की युए-थाव शेजारणीला सांगे, “गेला असेल मेला मैदानावर.” कधी चुकली नव्हती.

त्याने नाणी पुन्हा उचलली. “मैदानावर आहेस?”

हो. हो. हो.

मैदान कुलूपबंद होते. दुरुस्तीचे काम चालले होते, उद्घाटनाच्या सामन्यापर्यंत आत कुणाला प्रवेश नव्हता. सराव सामनेही दुसऱ्या गावी, प्रेक्षकांविना ठेवले होते. आ-शुई रोज जाऊन फाटकाच्या गजांतून बघे. एकदा खुर्च्या रंगवणारा बाहेर सिगारेट ओढत बसला होता. तो आपणहून बोलला, “काका, त्या नवव्या रांगेत पंधरा नंबरची खुर्ची मिटतच नाही. स्प्रिंग बदलली. तरी खालीच राहते, कुणी बसल्यासारखी. हात लावा, बर्फ.”

त्या रात्री पाऊस आला. आ-शुईला झोप लागली नाही.

खुन-पेंनी तोडगा सांगितला. “ज्याला नाव घेऊन बोलावलंस त्याला नाव घेऊनच पोचवायचं. पोरगा समोर असायला हवा. देव्हाऱ्यातली उदी लाल कापडात बांधून ने. आणि लवकर कर. फार दिवस राहिला की तो त्या देव्हाऱ्याचाच होतो.”

पण शेंग-हाय समोर यायचा तो १ एप्रिललाच, उद्घाटनाच्या सामन्यात. मार्चभर सराव सामन्यांत त्याला एकही फटका मारता आला नाही. पेपरात त्याचा फोटो आला. डोळे उघडे, पण घरात कुणी नाही अशी मुद्रा. उद्घाटनाचा सामनाही असाच गेला तर त्याला दुय्यम संघात धाडणार, असे खाली छापले होते. तिकडून परत आलेले आ-शुईला फारसे कुणी आठवत नव्हते. पहाटेची ठकठक मात्र दिवसेंदिवस हळू होत चालली होती.

१ एप्रिलला मैदान फुलून गेले. तुताऱ्या, ढोल, पोरांच्या आरोळ्या. आ-शुई चौदा नंबरवर बसला. पंधरा नंबरची खुर्ची खाली झालेली होती. तिच्यावर कुणी नव्हते. त्याच्या उजव्या दंडाला गार वारा लागत होता. डाव्या दंडाला घाम होता.

दुसऱ्या डावात शेंग-हाय आला. बेसवर न ठोकताच उभा राहिला. आ-शुईने लाल पुरचुंडी सोडली, उदी तळहातावर घेतली आणि उभा राहून हाक मारली.

“आ-हाय! चूक माझी झाली रे. आता तुझ्या घरी जा!”

अकरा हजारांच्या गोंगाटात ती हाक शेजारच्यालाही ऐकू गेली नसेल. शेंग-हाय वळला. थेट नवव्या रांगेकडे बघितले. आ-शुईकडे नाही, त्याच्या उजव्या बाजूला. हेल्मेट काढून त्याने मान लववली, जशी आपण परक्या घरच्या बाईपुढे लववतो. मग बेसवर दोनदा ठोकले, श्वास घेतला, आणखी एकदा ठोकले. तळहातावरची उदी उडून गेली होती.

पहिलाच चेंडू उजव्या कुंपणाला लागला. सगळे उभे राहिले. आ-शुई खाली बसला, कारण त्याचे अर्धे काम उरले होते.

त्याने मांडीवर नाणी टाकली. “युए-थाव, आता घरी चल.” नाही.

“सामना संपल्यावर?” दोन्ही छापे. ती हसली.

त्याने घाम पुसला. जिला सत्तावीस वर्षांत एकदाही इथे आणले नाही, तिला घाईने उठवून न्यायचा आपल्याला काय अधिकार, असे त्याच्या मनात आले. मग त्याने अगदी बारीक आवाजात विचारले, “हंगाम संपल्यावर?”

हो. हो. हो.

म्हणजे इथले साठ सामने. आ-शुईने मान डोलावली. सॉसेजवाली बाई पायऱ्या चढत आली, तेव्हा त्याने दोन मागितले.

“दोन? डॉक्टरनं एकसुद्धा सांगितलं नसेल तुम्हाला, काका!”

“एक तिचं आहे.”

बाईने पंधरा नंबरकडे पाहिले. दुसरे सॉसेज लसणाच्या पाकळीसह कागदात गुंडाळून त्या खुर्चीवर ठेवले आणि भराभर पायऱ्या उतरून गेली. आ-शुईच्या खिशात एकाचेच पैसे निघाले होते. दुसऱ्याचे पंचेचाळीस डॉलर तिला अजून द्यायचे आहेत.