बावीस दिवसांच्या बाळाबरोबर रावेर ते धुळे

एरवी या ब्लॉगवर मी चांगल्या शेवभाजीचे पत्ते देते. या वेळी मीच डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता शोधत होते. रावेरला माझ्या धाकट्या बहिणीच्या, मीनाच्या, बावीस दिवसांच्या मुलीचा डावा डोळा पुढे येत चालला होता. मीनाच्या सासूबाई, अक्का, सव्वा महिना व्हायच्या आत बाळाला उंबरा ओलांडू देईनात. "दृष्ट लागीन तिले," एवढंच त्यांचं. माझं डोकंच फिरलं. सकाळी गाडी दारात लावली आणि अक्कांनाही आत बसवलं.

रावेरहून निघणार असाल तर लवकर निघा. सावद्यापर्यंत केळीचे ट्रक पुढे सरकू देत नाहीत. भुसावळला चहा घेतला, तोही उभ्याउभ्या, अर्धाच.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी ओल्या कापसाने डोळ्याभोवतीचं काजळ पुसलं. पुसतच राहिल्या. खाली पापणी जांभळी, टम्म फुगलेली.

"डोळ्यामागे, खोबणीत गाठ असावी. नवजात बाळात फार क्वचित दिसते. किती वेगाने वाढली? जुने फोटो दाखवा."

फोटो ढीगभर होते, सगळ्यांत काजळ. बघायला येणाऱ्यांना सूज दिसू नये म्हणून अक्का रोज थर चढवायच्या. आणि मी त्या फोटोंखाली 'किती गोड' लिहीत बसले होते. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

धुळ्याला अशा गाठी काढणारे सर्जन त्या दिवशी येणार होते. एरंडोल मागे पडलं, पारोळ्याला बाळाला पाजायला थांबलो. तिथे भरीत-भाकरी छान मिळते म्हणे. मी मागवलीच नाही.

धुळ्याच्या दवाखान्यातल्या बाकावर शेजारच्या आजींनी विचारलं, "कितला दिननी शे पोर?" "बावीस दिवसांची," मी सांगितलं. बाळाला पाजून, झोपवून स्कॅन झाला.

"गाठ साधी वाटतेय, पण काढून तपासल्याशिवाय सांगणार नाही," सर्जन म्हणाले. "डोळा राखायचा प्रयत्न करू. त्याने दिसेल, असं वचन देत नाही."

"मीच झाकलं वं," अक्का म्हणाल्या. ऑपरेशनच्या कागदावर सही करायला मीनाने बाळ अक्कांच्या मांडीवर दिलं.

मी पुण्याला परतले त्याला दोन महिने झाले. गाठ साधीच निघाली. डोळा जागेवर आहे, पण त्याने दिसतं का, या एका प्रश्नाने माझी झोप उडवली आहे. काल व्हिडिओ कॉलवर मीनाने बाळाचा उजवा डोळा तळव्याने झाकला आणि स्टीलचा चमचा आवाज न करता समोरून नेला. डावं बुबुळ हळूहळू सरकलं आणि थांबलं.

"आखीन एकदा फिरव," अक्का म्हणाल्या.