रिकामी केलेली जागा

समुद्रपूरकडच्या एका छोट्या शाळेत मी शिकवतो. शाळेतला जुनाट कम्प्युटर माझ्या ताब्यात असायचा आणि त्याचा मला उगीच तोरा. मुलांची माहिती भरायचं सॉफ्टवेअर उघडलं की 'मेमरी कमी आहे' असं यायचं आणि सगळं ठप्प. माहिती दुसऱ्या दिवशी पाठवायची होती. तालुक्याहून फोनवर फोन, त्यात मी आधीच तापट.

मेमरी कमी म्हणजे सामान जास्त, एवढीच माझी अक्कल. बसलो पुसायला. जुने फोटो गेले, स्नेहसंमेलन गेलं. मग एका फोल्डरमध्ये आवाजाच्या तीसेक फायली दिसल्या. एक लावली. कुणी म्हातारी कोलामी बोलीत काहीतरी सांगत होती, मध्येच खोकत, मध्येच हसत. मला ओ की ठो कळेना. "हा कचरा कुणी भरला?" म्हणत सगळं उडवलं, रिसायकल बिनही साफ केली. तो 'कचरा' शब्द आठवला की आजही मान खाली जाते.

सॉफ्टवेअर अडलेलंच राहिलं. शेवटी दुरुस्तीवाला आला. त्यानं रॅमची पट्टी काढून खोडरबरनं घासली, शेजारी आणखी एक जुनी पट्टी बसवली. मशीन सुरळीत चालू झालं.

"सर, फायली कपाटात राह्यते, काम टेबलावर होते. हे पट्टी म्हंजे टेबल," तो हसला. "टेबल लहान पडला तं कपाट काऊन रिकामं केलं?"

तेव्हा कुठे मला आठवलं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंचा फोन दोन वर्षांपूर्वी भरला होता. "मायच्या गोष्टी हायेत सर, पुसू कशा?" मीच मोठेपणानं त्या कम्प्युटरवर घेतल्या होत्या. इथे सुरक्षित राहतील, म्हणालो होतो. नंतर त्यांची आई वारली. दुरुस्तीवाल्यानं फायली परत आणायची खटपट केली, पण हाती काहीच लागलं नाही.

ताईंना खरं सांगायची हिंमत झाली नाही. मशीन बिघडलं, त्यात गेल्या, असं सांगितलं.

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. "जुनीच होती मशीन. तुमचा काय दोष?"

जाता जाता थांबल्या. "गोष्ट सांगता सांगता माय मधातच हसे, सर. तुम्ही ऐकलं का कधी?"

ते हसू माझ्या कानात होतं. मी "नाही" म्हणालो.