दगडावरची जित्राबं

पीएचडीचा प्रबंध समीकरणांनी भरतो, पण डोकं भरतं ते किश्शांनी. विंझरजवळच्या आमच्या टाकीपाशी समीकरणं तीन आणि किस्से तेहेतीस झाले, त्याला माझा इलाज नाही!

काम एवढंच. गावाचं सांडपाणी दगड भरलेल्या टाकीवर शिंपडायचं. दगडांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, तो घाण खातो आणि खालून बरं पाणी निघतं. किती थर, किती पाणी, किती दिवस, हे आधीच सांगणारं गणिती मॉडेल मी बनवत होते. ग्रामसभेनं तीन महिने दिले होते. तेवढ्यात वास गेला नाही, तर टाकी बंद आणि गटार पुन्हा ओढ्यात. माझी पीएचडीसुद्धा ओढ्यातच!

*

पहिल्या महिन्यात मॉडेल म्हणालं पाणी स्वच्छ, आणि टाकीतून निघालं काळं. मी फोन करून गाईड मॅडमना ऐकवलं, गावाचे आकडे चुकलेत. त्या शांतपणे म्हणाल्या, "गाव जसं आहे तसंच वागणार. चुकायचं काम तुझ्या समीकरणाचं."

राग आला. पण वही पहिल्या पानापासून पुन्हा काढली.

*

चूक सापडली ती टाकी सांभाळणाऱ्या दामूकाकांमुळे. सांडपाणी दिवसभर सारखं येतं, असं मी धरलं होतं. काका म्हणाले, "सातची एसटी असती, ताई. समदं गाव साडेसहाला आंघुळीला."

मी मॉडेलमध्ये एसटीचं वेळापत्रक घातलं आणि आकडे जुळायला लागले. पुढं एका परिसंवादात कुणीतरी विचारलं, हे कुठल्या संदर्भग्रंथातलं? मी म्हटलं, स्टँडवरच्या फळ्यावरचं!

*

मग मॅडम टाकी बघायला येणार असं ठरलं. मी दोन दिवस पुण्याला गेले होते. परत येऊन बघते तर सगळे दगड पांढरेशुभ्र! पाहुणे येणार म्हणून काका-काकूंनी शेजारच्या बायका बोलावून तारेच्या ब्रशनं एकेक दगड घासला होता. काकू कौतुकाची वाट बघत उभ्या.

मी कठड्यावर बसून चक्क रडले. रडतरडतच काकांना सांगितलं, की त्या बुळबुळीत थरात बारकी जित्राबं होती, तीच घाण खात होती. काकांनी एका घासलेल्या दगडावरून हळूच हात फिरवला. त्यांच्या गोठ्यात चार म्हशी आहेत.

*

मॉडेल म्हणालं, थर पुन्हा धरायला दोन महिने. हातात उरला होता सव्वा. मी हातपाय गाळले, पण दुसऱ्या दिवशी काका गटाराच्या तोंडाशी गुडघाभर घाणीत उभे होते. तिथले बुळबुळीत दगड घमेल्यात भरून ते टाकीत पेरत होते.

"इरजान लावल्याबिगार दही लागतं व्हय?"

मीही सलवार खोचून उतरले. महिन्यात वास गेला. मॅडमनी माझ्या समीकरणातल्या सुरुवातीच्या पदाला "विरजण" असंच नाव ठेवायला लावलं.

*

त्या महिन्यात लाईट गेली की पंप बंद पडायचा. काका बादलीनं पाणी शिंपडायचे. मी म्हणायचे, काका, आधी जेवून घ्या.

"जित्राबं उपाशी ठिवून?"

*

शेवटच्या दिवशी ग्रामसभेच्या बोलावण्यावरून निर्णय द्यायला तालुक्याचे साहेब आले. दगडांकडं बघून त्यांनी नाक मुरडलं. म्हणाले, "एवढी घाण? आधी हे घासून घ्या, मग सही करतो."

 पुन्हा घासलं की सगळं संपलं. तेवढ्यात काका टाकीला पाठ लावून उभे राहिले.

"सही ऱ्हाऊ द्या, सायेब. जित्राबांना हात लावू देनार न्हाई."

"कुठली जनावरं?"

काकांनी थराकडं बोट दाखवलं. मग खालून निघणाऱ्या पाण्याचा तांब्या भरून साहेबांच्या नाकाशी धरला. साहेबांनी वास घेतला. पुन्हा घेतला. मग सही केली आणि पेनचं टोपण लावता लावता हळूच विचारलं, "तुम्ही गावाला गेलात, तर यांचं कोण बघतं?"

"म्या कुठं जातोय," काका म्हणाले.